मुंजा, भुयार आणि तीन दगड

"घराची धर्मशाळा करून ठेवलीय!" असं आई ओरडायची तेव्हा मला धर्मशाळेची बाजू घ्यावीशी वाटायची. कारण सातारा तालुक्यातल्या आमच्या गावी, कृष्णेच्या पलीकडच्या काठाला खरीखुरी धर्मशाळा होती आणि ती आमच्या घरापेक्षा टापटीप होती. तीन बाजूंना दगडी भिंती, चौथी उघडी, मागे पिंपळ. दारच नाही, मग कुलूप कुठून असणार?

तिच्याबद्दल आज्जाकडे गोष्टींचा साठा होता. पहिली भुयाराची. ते म्हणे थेट अजिंक्यताऱ्यावर निघतं. "आन् मधी नदी हाय की," म्हटलं तर आज्जा शांतपणे म्हणायचा, "खालनं जातंय." दुसरी पिंपळावरच्या मुंजाची. तो रात्री उतारूला उठवून तंबाखू मागतो. आता मुंजा म्हणजे सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेला पोरगा, त्याला तंबाखू कशाला? पण हे विचारायची सोय नव्हती. तिसरी गोष्ट अर्थातच थोरल्या शाहू महाराजांच्या मुक्कामाची.

लिंबची बारा मोटेची विहीर आमच्यापासून फार लांब नाही. तिथं शिलालेखच आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. पायऱ्या उतरता उतरता वर चक्क छोटा महाल लागतो. नाव बारा मोटेचं, जागा मात्र पंधरा मोटांची, पण ते असू दे. आमच्या धर्मशाळेला लेखबिख काही नाही, त्यामुळे तिच्यात कुणालाही मुक्कामाला उतरवता येतं. आज्जानं महाराजांना उतरवलं.

मला मात्र आठवते ती काजळी. आतल्या कोपऱ्यात भिंत छतापर्यंत काळी, हात लावला की बोटं तेलकट व्हायची. खाली चुलीचे तीन दगड. वाईकडून हळदीच्या गाड्या यायच्या, बैल सुटायचे, पिठलं रटरटायचं. निघताना उरलेलं सरपण मागून येणाऱ्यासाठी भिंतीशी रचून जायचं, एवढाच तिथला नियम. पुढे एसटी आली (पहिली सुटली १ जून १९४८ ला, पुणे-नगर), हळूहळू रस्त्यात मुक्काम करायची गरजच उरली नाही, आणि पंचायतीनं तिथं मोडके पाइप टाकले.

गेल्या जानेवारीत गेलो तर पाइप एका अंगाला सारलेले. बीडकडची ऊसतोड टोळी उतरली होती. त्याच तीन दगडांवर तवा, एक बाई भाकरी थापत होती. भिंतीशी चिपाडं रचलेली. मी न राहवून मुंजाबद्दल विचारलं.

तिनं भाकरी उलटली. "मुंजा न् बिंजा काय नाय भाऊ. डास लई हायेत."