तेवीस अनोळखी देणग्या आणि ३१ मे

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची संस्था विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवते आणि देणगीदारांना आभाराची पत्रे लिहिण्याचे काम गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. पत्र हाताने लिहायचे, त्या देणगीतून कोणती पुस्तके किंवा किती पंखे घेतले ते सांगायचे आणि सोबत पावती जोडायची, अशी आमची पद्धत होती. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून मात्र करसवलतीसाठी नुसती पावती पुरेनाशी झाली. आयकर कायद्याच्या कलम ८० जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता असलेल्या संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरण फॉर्म १० बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरायचे आणि त्यावरून तयार होणारे फॉर्म १० बीई हे प्रमाणपत्र त्याच तारखेपर्यंत देणगीदारांच्या हाती द्यायचे, असा नियम आला. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क पडते आणि १०,००० रुपयांपासून १ लाखापर्यंत दंडही होऊ शकतो. त्याहून मला अधिक लागून राहिलेली गोष्ट अशी की, आपल्या विवरणात नोंद नसेल तर देणगीदाराची सवलत नाकारली जाते, म्हणजे चूक आपली आणि भुर्दंड ज्याने विश्वासाने पैसे दिले त्याला.

पहिली दोन वर्षे काही अडले नाही, कारण बहुतेक देणगीदार ओळखीचे होते आणि धनादेशाने देत. जानेवारी २०२४ मध्ये वर्धापनदिनी आम्ही दाराशी क्यूआर कोड लावला. लोकांनी मनापासून पैसे दिले, पण एप्रिलमध्ये बँकेचा उतारा घेऊन बसलो तेव्हा त्यातील तेवीस नोंदी कोणाच्या हे कळेना. उताऱ्यात तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि अर्धवट तुटलेले नाव, एवढेच होते. विवरणात मात्र प्रत्येक देणगीदाराचे पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन, आधार किंवा तत्सम ओळख क्रमांक भरावा लागतो.

२२ एप्रिलला मी आमचे खाते असलेल्या बँकेच्या शाखेत गेलो. पुढच्या आठवड्यात या, असे सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज मागितला. अर्ज दिला, तर त्याला विश्वस्तांच्या सह्यांचा ठराव जोडा, असे उत्तर मिळाले. ठरावासाठी मी दोन विश्वस्तांच्या घरी आणि एकाच्या शेतावर जाऊन सह्या आणल्या. तोवर निवडणूक आली. ७ मे रोजी आमच्या जिल्ह्यात मतदान होते आणि शाखेतील बरेच कर्मचारी त्या कामावर गेले होते. अखेर ९ मे रोजी मला सांगण्यात आले की, दुसऱ्याच्या खात्याची माहिती बँक कोणालाही देऊ शकत नाही. हा नियम योग्यच आहे आणि माझी माहिती कोणी अशी मागितली तर ती दिली जाऊ नये, असेच मी म्हणेन. पण हेच वाक्य २२ एप्रिलला सांगता आले असते. सतरा दिवस गेले, ठराव फाइलमध्ये पडून राहिला, आणि त्याचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

त्यानंतर आमच्या खजिनदारांनी वर्धापनदिनाची अभिप्राय वही काढली. तिच्यातील नावे आणि उताऱ्यातील तुटक अक्षरे आम्ही दोन संध्याकाळी जुळवत बसलो आणि अकरा जण सापडले. आठ नोंदींमध्ये यूपीआय आयडी पूर्ण दिसत होता. खजिनदारांनी त्यांवर स्वतःच्या फोनवरून एकेक रुपया पाठवून सोबतच्या संदेशात संस्थेचे नाव व संपर्क लिहिला आणि त्या आठही जणांचे फोन आले. त्यांपैकी दोघांनी, आपण नव्या करप्रणालीत असल्याने सवलत मिळतच नाही, मग पॅन कशाला, असे विचारले. विवरणात नोंद तरीही करावी लागते, हे त्यांना शांतपणे समजावून सांगितले. उरलेल्या चार देणग्या आमच्या सनदी लेखापालांनी निनावी म्हणून दाखवल्या. निनावी देणग्यांवर ३० टक्के कर आहे, परंतु एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतील जी रक्कम मोठी असेल तिच्यापर्यंत तो लागत नाही आणि आमची रक्कम त्याच्या खूपच आत होती.

विवरणाची फाइल एक्सेलमध्ये भरणाऱ्यांनी आधार क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, नाहीतर बारा अंकांचे रूपांतर ‘ई+११’ अशा आकड्यात होते आणि फाइल तशीच सीएसव्ही या साध्या मजकूर-स्वरूपात जतन झाली की मूळ क्रमांक हरवतो. माझी एक रात्र यात गेली. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास तिच्यावर सवलत मिळत नाही, हे पैसे घेतानाच सांगावे.

या धावपळीत माझ्या हातून एक चूक झाली. एप्रिलमधील आभाराच्या पत्रांतच मी ‘कृपया आपला पॅन कळवावा’ अशी ओळ घातली होती. पतीच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी देणगी देणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. “अहो सर, यंदा पत्रात पॅन विचारलात, माझे काही चुकले का?” मला फार वाईट वाटले. त्यांची देणगी मुलाच्या खात्यातून येते, त्यामुळे प्रमाणपत्र मुलाच्या नावाने आणि त्याच्याच पॅनवर निघते; तो पॅन मुलाकडे मागायला हवा होता आणि बाईंना फक्त आभाराचे पत्र जायला हवे होते. मी त्यांना नवे पत्र लिहिले आणि ते घरी नेऊन दिले. आता पॅनची चिठ्ठी देणगी येते त्याच आठवड्यात स्वतंत्रपणे जाते आणि आभाराच्या पत्रात कोणतीही मागणी नसते.

२७ मे रोजी विवरण दाखल झाले, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रे उतरवून घेतली आणि ३१ तारखेच्या आत सर्वांना पोहोचवली. ओळख न लागलेल्या चौघांसाठी तारीख व रक्कम लिहून आभाराचे पत्र अभ्यासिकेच्या फलकावर लावले होते. जूनमध्ये त्यांतील एक तरुण ते वाचून आत आला, पॅन देऊन गेला आणि त्याच्या नोंदीसाठी आम्ही सुधारित विवरण भरले. त्याचे पत्र मी त्याच दिवशी लिहिले.