हा माल आपला नव्हे

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा औषधांचा कारखाना आहे. मी तिथे क्वालिटी अशुरन्सला असते. बाजारातून येणाऱ्या तक्रारींची फाईल माझ्याकडे. बहुतेक तक्रारी किरकोळ असतात: पट्टीत एक गोळी कमी निघाली, खोक्यावरचा छाप पुसट आला, गोळीची कड उडाली. त्यांची उत्तरं ठरलेली असतात. ‘औषध लागू पडत नाही’ असं कुणी लिहिलं, की मात्र चहा अर्धवट टाकून सगळे उठतात.

त्या दिवशी कुरिअरने आलेलं खोकं उत्तर युगांडातल्या एका मिशन हॉस्पिटलचं होतं. आत तीन झिपच्या पिशव्या आणि तिथल्या फार्मासिस्टचं दोन पानी पत्र. पहिल्या पिशवीत हॉस्पिटलच्या साठ्यातल्या आमच्या मलेरियाच्या गोळ्यांच्या शेवटच्या काही पट्ट्या. दुसरीत त्याच नावाच्या, त्याच बॅच नंबरच्या पट्ट्या, पण रुग्णांच्या नातेवाइकांनी बाजारातून विकत आणलेल्या. तिसरीत वाळका पाला.

पत्रात आदळआपट अजिबात नव्हती. पावसानंतर मलेरिया वाढला, हॉस्पिटलचा साठा संपला, पुढचा माल वाटेत कुठेतरी अडकला. मग लोक गोळ्या दुकानातून आणू लागले. पहिल्या दिवशी ताप उतरलेली मुलं दोन दिवसांनी झटके येत असताना, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत परत येऊ लागली. शेवटी त्याने सरळ विचारलं होतं, तुमची गोळी कमी पडतेय, की आमच्याकडचा मलेरिया बदललाय?

दुसरी शंका हवेतली नव्हती. उत्तर युगांडातल्या गुलू भागात आर्टेमिसिनिनला, म्हणजे आमच्या गोळीतलं एक औषध ज्यापासून बनतं त्या वनस्पतीतल्या द्रव्याला, पूर्वीसारखी चटकन दाद न देणारे मलेरियाचे परजीवी सापडल्याचा शोधनिबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे संशयित तीन: आम्ही, दुकानदार आणि परजीवी. पत्र वाचताना मला परजीवीचीच जास्त भीती वाटत होती.

आमच्या गोळीत आर्टेमेथर २० मिलीग्रॅम आणि ल्युमेफँट्रिन १२० मिलीग्रॅम असतं. आर्टेमेथर आर्टेमिसिनिनपासूनच बनतं, झपाट्याने काम करतं आणि तेवढ्याच झपाट्याने शरीरातून निघून जातं. मागे उरलेल्या परजीवींचा समाचार ल्युमेफँट्रिन सावकाश घेतं. एकटं आर्टेमिसिनिन देत राहिलं तर परजीवी त्याला सरावतील, म्हणून अशा एकेरी गोळ्या बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेने २००६ सालीच बजावलं होतं. मोठ्या माणसाला एका वेळी चार गोळ्या, तीन दिवसांत सहा वेळा, म्हणजे चोवीस. मुलांना वजनावर. सोबत दूध किंवा काहीतरी स्निग्ध खायला हवं, नाहीतर ल्युमेफँट्रिन अंगी लागत नाही.

कंट्रोल सॅम्पलच्या खोलीतून त्या बॅचची आमच्याकडे राखून ठेवलेली खोकी काढली. प्रत्येक बॅचचा नमुना एक्स्पायरी उलटून वर्ष होईपर्यंत आम्ही जपतो, तो अशाच वेळेसाठी. बॅच रेकॉर्ड उघडलं तर सगळं जागच्या जागी. मग दोन्ही पिशव्यांमधली एकेक पट्टी घेऊन पॅकिंगला गेले. तिथल्या ताई कारखाना सुरू झाल्यापासून ब्लिस्टर मशीनवर आहेत. त्यांनी चष्माही लावला नाही. पट्ट्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि दुकानातली पट्टी माझ्या हातात परत ठेवली.

“हा माल आपला नव्हे, मॅडम. आपला नंबर कडेला दाबून उठतो, बोटाला लागतो. हा नुसता छापलाय. आणि फॉइलवरच्या चौकड्या बघा, केवढ्या मोठ्या आहेत.”

मी भिंगाखाली बघितलं. त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं.

पण ‘ताई म्हणाल्या’ असं अहवालात लिहिता येत नाही. नमुने क्यूसीला, म्हणजे आमच्या तपासणीच्या लॅबला गेले. एचपीएलसीवर, म्हणजे गोळीतली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, या गोळीची तपासणी वेळ खाते, कारण दोन्ही औषधं एका तरंगलांबीवर धड दिसत नाहीत. आर्टेमेथर दिसायला पार २१० नॅनोमीटरपर्यंत खाली यावं लागतं. यंत्र चालू असताना लॅबमधल्या एका पोराने आपल्या डोक्याने एक गंमत करून पाहिली. दोन बीकरमध्ये पाणी घेतलं, एकात आमची गोळी टाकली, दुसऱ्यात दुकानातली. ल्युमेफँट्रिन मुळातच पिवळं असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आमची गोळी फुटली, पिवळी भुकटी थोडा वेळ तरंगली आणि तळाशी बसली. दुसऱ्या बीकरमध्ये उलटंच झालं. पिवळेपणा सगळा पाण्यात उतरला आणि तळाला पांढराफटक गाळ राहिला. खायचा रंग मिसळून केलेली गोळी होती ती. आम्ही चौघं-पाचजण ते बघत उभे होतो आणि कुणालाच गंमत वाटेना.

संध्याकाळी आकडे आले. राखलेला नमुना आणि हॉस्पिटलच्या साठ्यातली गोळी, दोन्हींत दोन्ही औषधं मर्यादेत. तिकडच्या उन्हापावसात राहूनही आमची गोळी टिकली होती. दुकानातल्या गोळीत आर्टेमेथर शून्य, ल्युमेफँट्रिन शून्य. यंत्राच्या आलेखावर सुरुवातीलाच मात्र एक मोठा उंचवटा (‘पीक’) आला होता, जो आमच्या औषधात असायचं काहीच कारण नव्हतं. शुद्ध पॅरासिटामॉलचा नमुना लावून बघितला, त्याचा उंचवटाही तिथेच येऊन बसला.

नुसता खडू दाबून गोळी केली असती तर मुलाचा ताप हटला नसता आणि आई दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात धावली असती. इथे ताप उतरत होता. गोळी चाललीय असं वाटून घरचे निर्धास्त राहत होते, आणि तेवढ्यात परजीवी रक्तात वाढत होता. फाल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार लहान मुलात दिवसा-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जातो. २०२३ साली जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यांतली ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि त्यातही बहुतेक पाच वर्षांखालची पोरं. बनवणाऱ्याला औषधशास्त्र चांगलं कळत होतं, हे मला फार लागलं.

मीटिंगमध्ये मार्केटिंगवाल्यांचा सूर मोकळा झाला होता. “माल आपला नाही हे सिद्ध झालं ना? मग तक्रार बंद करा. बोभाटा झाला तर पुढच्या टेंडरला आपल्याच नावाची चर्चा होईल.” प्लँट हेड सरांनी ती दुकानातली पट्टी टेबलावर सरकवली आणि म्हणाले, “नाव कुणाचं छापलंय ते वाचा.” त्याच रात्री युगांडाच्या औषध नियामकाला आणि जागतिक आरोग्य संघटनेला फोटोंसकट कळवलं. नकली औषधांच्या अशा खबरी देशोदेशींहून गोळा करायची व्यवस्था संघटनेने २०१३ पासून केली आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहांतलं एक औषध नकली किंवा निकृष्ट असतं, असा त्यांचा २०१७ चा अंदाज.

माझं स्वतःचं मत थोडं वेगळ्या ठिकाणी अडकलंय. या गोळीचा भाव आता मोठा प्रश्न राहिलेला नाही. २००१ साली मूळ कंपनीने संघटनेशी करार करून ती ना-नफा दराने द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोठ्या माणसाचा कोर्स सुमारे २.४० डॉलरला पडायचा. पुढे भारतातले कारखाने तपासण्या पार करून यात उतरले आणि दर खूप खाली आले. घोडं अडतं ते वेळेवर पोचण्यात. आर्टेमिसिनिन शेतात पिकतं, बहुतेक चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेत. पेरणीपासून गोळी पट्टीत बसेपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं. २००४-०५ मध्ये तुटवडा पडून त्याचा भाव भडकला, सगळे शेतकरी तिकडे वळले आणि २००७ पर्यंत भाव कोसळला. आपल्याकडे कांद्याचं होतं तेच. त्यात मागणीचा अंदाज चुकला, निधी उशिरा सुटला, बंदरात कंटेनर अडकला, की हॉस्पिटलचं कपाट रिकामं. नकली माल विकणाऱ्याला गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच मिळतं. साठा भरलेला असता तर फुकटची गोळी सोडून दुकानात कोण गेलं असतं?

राहिला पाला. फार्मासिस्टने लिहिलं होतं की गोळ्या मिळेनात तेव्हा लोक हा उकळून पितात. यात औषध आहे का, आणि त्यांना मी काय सांगू? पिशवी उघडली आणि मी थेट जोतिबाच्या डोंगरावर पोचले. मी कोल्हापूरची. चैत्र यात्रेत देवाला वाहिलेला दवणा, तोच वास, फक्त जरा उग्र. आमचे आर अँड डीचे सर हसले. “बरोबर आहे तुझं. चुलतभाऊ आहेत. दवणाही आर्टेमिसियाच.” हा पाला आर्टेमिसिया ॲन्युआचा होता, आमच्या गोळीचा मूळपुरुष. क्यूसीच्या यंत्रावर असली वस्तू चढवली तर ऑडिटला तोंड देता देता पुरेवाट झाली असती, म्हणून सरांनी तो आपल्या लॅबमध्ये नेला. पत्रात लिहिल्याप्रमाणे किटलीत चहा केला आणि द्रव्यं वेगवेगळ्या ठिपक्यांत पसरवून दाखवणाऱ्या टीएलसी प्लेटवर पाल्याच्या अर्काचे आणि चहाचे थेंब ठेवले. ठिपक्यांना रंग यावा म्हणून प्लेट अनिसाल्डिहाइड मारून तापवली. पाल्याच्या अर्काचा जांभळट ठिपका ठसठशीत आला. चहाचा आला, पण डोळे बारीक करून बघावा लागला.

सर सांगत होते, चौथ्या शतकातल्या गे हाँग नावाच्या चिनी वैद्याने तापावर हा पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलाय. उकळायला नाही. तू यूयू यांनी १९७१ मध्ये नेमकी ती ओळ धरली, उष्णता टाळून ईथरने अर्क काढला आणि तो चालला. त्याचं नोबेल २०१५ साली मिळालं. म्हणजे पाला उकळणारी माणसं काही वेडगळ नव्हती, त्यांची परंपरा खरीच होती. पण किटलीत औषध उतरतं थोडं, दर पुडीला वेगळं, आणि मागचं साफ करणारा जोडीदार त्यात नाहीच. अर्धवट मात्रेने परजीवीला नुसती तालीम मिळते, आणि तीही गुलूच्या आसपास. चहा नको, असं आरोग्य संघटनाही म्हणते.

उत्तर लिहायला बसले तेव्हा हा परिच्छेद सर्वांत जड गेला. कपाट रिकामं असलेल्या माणसाला ‘हे देऊ नका’ सांगणं माझ्या खुर्चीतून फार सोपं आहे. शेवटी लिहिलं की पाल्यात औषध आहे, कुणाला हसू नका, पण चहा पाजून मूल घरी ठेवू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलात आणा. गंभीर रुग्णांसाठी त्याच्याकडे आर्टेसुनेटची इंजेक्शनं अजून शिल्लक होती. पाण्याच्या बीकरचे फोटो जोडले आणि ही पक्की तपासणी नव्हे, फक्त संशय पक्का करायला वापरा, असं ठळक लिहिलं.

पुढच्या महिन्यात त्याची मेल आली. तिथल्या तपासनिसांनी दोन दुकानांतून तसल्या पट्ट्या उचलल्या होत्या. दुकानदार म्हणाले, सायकलवर एकजण देऊन जायचा. त्याचा पत्ता लागला नव्हता. हॉस्पिटलचा माल आला, पण नुसते चोवीसचे, मोठ्यांचे पॅक. लहान मुलांसाठी पट्टी कापून दिली तर चालेल का, असं तो विचारत होता. चालेल म्हणून कळवलं, गोळी तीच आहे. पाच ते पंधरा किलोच्या आतल्या मुलाला एका वेळी एक, म्हणजे एका मोठ्या पॅकमध्ये चार मुलं. तान्ह्याला चुरून पाण्यातून द्या, वरून आईचं दूध. वजनाचा तक्ता जोडला आणि त्याच मेलमध्ये आमच्या प्लॅनिंगला घेऊन विचारलं, सहाच्या पॅकची खोकी छापून कधी येतायत?