खाटेपाशी सोनोग्राफी: हो की नाही, एवढंच विचारा

सोनोग्राफी म्हटली की महाराष्ट्रात गरोदर बाई डोळ्यांसमोर येते आणि भिंतीवरची 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. इथे ब्रिटनमध्ये मुलांच्या आयसीयूत हेच यंत्र रात्री तीन वाजता ढकलत खाटेपाशी आणलं जातं, आणि प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, धरणारा रेडिओलॉजिस्ट नसतो, ड्युटीवरचा रजिस्ट्रार, म्हणजे प्रशिक्षण घेणारा डॉक्टर असतो. हे रजिस्ट्रार साधारण सहा महिन्यांनी दुसरीकडे जातात. तेवढ्या वेळात सगळं शिकवणं अशक्य, म्हणून काय शिकवायचं नाही ते आधी ठरवावं लागतं.

ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल, तेवढेच प्रश्न शिकवायचे. हृदयाभोवती पाणी साठलंय का? डावा कप्पा जोरात आकुंचन पावतोय की अगदी मंद? फुप्फुस सरकतंय का? जन्मजात हृदयदोष शोधणं या यादीत नाही, ते बालहृदयरोगतज्ज्ञाचं काम. रिपोर्टमध्ये 'मर्यादित तपासणी, जन्मजात दोषांसाठी नाही' असं लिहिलंच पाहिजे. नाहीतर सकाळच्या राउंडला कुणीतरी 'रात्री इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल होता' म्हणतं आणि तेच वाक्य पुढे चार दिवस फिरत राहतं. युरोपातल्या एस्पनिक या, मुलांच्या आयसीयूत काम करणाऱ्यांच्या संघटनेने 2020 मध्ये या विषयावर 41 शिफारशी दिल्या आणि ब्रिटनमध्ये कॅक्टस नावाचा प्रशिक्षणक्रमही आहे, पण खाटेपाशी कामाला येते ती ही मर्यादेची जाणीव.

सुरुवात फुप्फुसापासून करावी. बाळाची छाती पातळ असते, त्यामुळे सरळ, उच्च वारंवारतेच्या प्रोबने तीन-चार सेंटिमीटर खोलीवर सगळं दिसतं. जेल कोमट करून घ्या, गार जेलने तान्हं बाळ दचकतं आणि त्याची ऊबही जाते. प्रोब उभा धरला की दोन बरगड्या आणि त्यांच्यामध्ये फुप्फुसाच्या आवरणाची एक ठळक पांढरी रेघ दिसते. श्वासासरशी ती रेघ मागेपुढे सरकली पाहिजे. यंत्रातली चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा, कारण फुप्फुसात आपण ज्या खोट्या सावल्या वाचतो त्याच ती पुसून टाकते.

चुका होतात त्या पुढे. रेघ सरकत नाही, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठली, असं शिकाऊ डॉक्टर पटकन ठरवतात. पण बाळाची श्वासनलिका एवढी आखूड असते की मान जरा हलली तरी व्हेंटिलेटरची ट्यूब उजव्या बाजूच्या नळीत उतरते आणि डावं फुप्फुस स्थिर होतं. अशा वेळी रेघ हृदयाच्या ठोक्याबरोबर थरथरते का ते बघा. थरथरत असेल, तर त्या जागी फुप्फुस छातीच्या भिंतीला टेकलेलं आहे. हवा काढायला सुई टोचू नका, ट्यूब तपासा. हाय फ्रिक्वेन्सी ऑसिलेटरवर, म्हणजे मिनिटाला शेकडो बारीक श्वास देणाऱ्या व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलात मात्र सरकणं नीट दिसतच नाही. दुसरी फसगत थायमसची, म्हणजे बाळाच्या छातीत असणाऱ्या एका नेहमीच्या ग्रंथीची. छातीच्या हाडामागे करडं, एकसारखं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं काही दिसलं की न्यूमोनिया लिहिला जातो, आणि बाळाला नको असलेलं अँटिबायोटिक सुरू होतं.

मानेच्या शिरेत नळी घालताना सोनोग्राफी वापरावी, ही नाइसची, म्हणजे ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस 2002 ची, मुलांसाठीसुद्धा. सराव मात्र मुलावर सुरू करायचा नसतो, त्यासाठी ठोकळा बनवा. एक लिटर गरम पाण्यात 80 ते 100 ग्रॅम जिलेटिन विरघळवा आणि त्यात चार टेबलस्पून इसबगोल घाला. इसबगोलामुळे पडद्यावर मांसासारखा दाणा दिसतो. अर्धं मिश्रण ओतून गोठू द्या, त्यावर शिरेऐवजी रंगीत पाणी भरलेला लांब, बारीक फुगा ठेवा, उरलेलं ओता आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फेस काढून टाका, कारण हवेच्या बुडबुड्यामागचं काहीच दिसत नाही. टोचून टोचून ठोकळ्यात रेघा उमटल्या की फुगा काढून तो वितळवायचा आणि पुन्हा ओतायचा.

ठोकळ्यावर हात बसला तरी बाळावर दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली, हाताचं वजन. तान्ह्या बाळाची शीर नुसत्या प्रोबच्या भाराने चपटी होते आणि 'शीर सापडत नाही' म्हणून शोध सुरू राहतो. करंगळी बाळाच्या छातीवर टेकवली की हात हलका राहतो. दुसरी, सुईचं टोक. आडव्या छेदात दिसणारा पांढरा ठिपका टोकाचा असेल किंवा मधल्या दांड्याचा. म्हणून प्रोब किंचित पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा झाला पाहिजे. मग तो पुन्हा दिसेपर्यंत सुई पुढे न्यायची. सुईतून आत सरकवलेली तार शिरेतच आहे हे आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांत पाहिल्याशिवाय वाट रुंद करणाऱ्या डायलेटरला हात लावायचा नाही.

महाराष्ट्रात हे सुरू करू पाहणाऱ्यांना आणखी एक पायरी आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध राज्याचा कायदा 1988 चा, देशाचा 1994 चा. 2012 च्या नियमदुरुस्तीनंतर पोर्टेबल यंत्र नोंदणीकृत जागेतच, तिथे दाखल रुग्णांसाठी वापरता येतं. अपवाद फिरत्या वैद्यकीय पथकाचा. कायद्यामागचं कारण खरं आहे, म्हणून यंत्राची आणि डॉक्टरांची नोंद आधी, प्रशिक्षण नंतर.

इथे प्रत्येक तपासणीची क्लिप साठवतात. साठवली नाही तर ती लॉगबुकात धरत नाहीत. आठवड्यातून एकदा कन्सल्टंट सगळ्या क्लिप रजिस्ट्रारसमोर बसून बघतो: रजिस्ट्रारचं उत्तर काय होतं, आपलं काय. उपचारावर परिणाम होईल असं काही असेल तर मात्र त्या बैठकीची वाट बघायची नसते, लगेच खाटेपाशी जाऊन पुन्हा प्रोब ठेवायचा.