आमची वाटचाल: डॉट इन, डॉट भारत आणि आता बँक डॉट इन

आमची फर्म उभी राहिली ती 2005 साली डॉट इनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी लागणाऱ्या भारताच्या एक्स्टेंशनची, दारं उघडली म्हणून. त्याआधी डॉट इन असून नसल्यासारखंच होतं. 1992 ते 2004 या काळात देशभरात जेमतेम 7,000 नावं नोंदली गेली. मग कारभार निक्सीकडे (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) आला. जानेवारीत ट्रेडमार्कवाल्यांना आधी संधी मिळाली आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून कुणीही यावं, नाव घ्यावं. आम्ही वेबसाइट बनवत होतोच, त्यात एका रजिस्ट्रारचे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीचे, रिसेलर झालो.

गिऱ्हाईक हौसेनं कमी आणि धास्तीनं जास्त यायचं. ‘आपलं नाव दुसऱ्यानं उचललं तर?’ डॉट कॉम असलेलेही डॉट इन घेऊन ठेवत आणि ते जुन्या साइटकडे वळवून मोकळे होत. नवं एक्स्टेंशन आलं की पहिला धंदा हा असा राखणीचा. त्यात कलाकुसर काही नाही, पण दरसालच्या रिन्यूअलवर आमच्या ऑफिसचं भाडं निघायचं. डॉट कॉमवर मनासारखं नाव शिल्लक नसलेल्या नव्या उद्योगांना मात्र खरा फायदा झाला.

27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीतलं डॉट भारत आलं. जे दुकानाच्या पाटीवर, तेच ब्राउझरमध्ये! आम्ही खुशीत होतो, विक्री मात्र यथातथाच. नावावरून वेबसाइटचा ठिकाणा शोधणाऱ्या यंत्रणेच्या, डीएनएसच्या, पोटात अजून रोमन अक्षरंच चालतात, त्यामुळे देवनागरी नावाचं आत रूपांतर होतं. पत्ता कॉपी करून पाठवला की कधीकधी पलीकडे ‘एक्सएन--’ने सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ उमटायची. आमच्या एका गिऱ्हाइकाला त्यांच्या व्यापाऱ्याचा फोन आला, ‘शेठ, तुमच्याकडून व्हायरस आलाय.’ ईमेलचं तर विचारूच नका. एका पोर्टलच्या फॉर्मनं देवनागरी पत्ता सरळ ‘अवैध’ म्हणून परत केला. नाव विकणं सोपं हो, ते जगभरच्या सॉफ्टवेअरच्या गळी कोण उतरवणार?

2025मध्ये चित्र पालटलं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं. इथे नोंदणी फक्त रिझर्व्ह बँकेनं उभारलेल्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आणि तीही फक्त बँकांना, म्हणजे आम्हाला कमिशन शून्य. तरीही एका सहकारी बँकेच्या स्थलांतरात जेवढं काम निघालं, तेवढं नुसती नावं विकून कधी निघालं नव्हतं: जुन्या पत्त्यावरून वळवणं, ईमेल हलवणं, सर्टिफिकेट, एसएमएसमधल्या लिंका, शाखेतल्या फलकांवरचे क्यूआर, पासबुकाच्या मागचा मजकूर. माझं मत विचाराल तर भुरट्यांना जिथे शिरकाव नाही, त्याच एक्स्टेंशनला बाजारात वजन येतं. ज्याला त्याला मिळणाऱ्या नावाला ते कुठून येणार?

नव्या गिऱ्हाइकाला आमचा सल्ला ठरलेला आहे. कारभार आणि ईमेल डॉट इनवर ठेवा, नोंदणी एकदम काही वर्षांची करा, डोमेन स्वतःच्याच नावावर घ्या. मराठी गिऱ्हाईक असेल तर डॉट भारतही घ्या, मात्र ते पाटीपुरतं.