चालत्या गावाचे नियम: पुणे ते लोणंद

कल्पित जगातली भटकी जमात रचायला बसलं की पालं, शेकोट्या आणि गाणी लगेच सुचतात. गाडं अडतं ते पुढे. पाणी कोण आणतं? तळावर कोणाचं पाल कुठे? हरवलेलं पोर कुठे सापडतं? पुणेकराला याची उत्तरं ज्येष्ठाच्या शेवटी दारातच मिळतात. आम्ही टिपणवही घेऊन आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपर्यंत चाललो ते त्यासाठीच.

पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री असते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. दिंड्या मात्र शहरभर पांगलेल्या: शाळा, मंगल कार्यालयं, जुने वाडे. जागा सहसा बदलत नाही. आजोबा उतरायचे तिथेच नातू उतरतो. भटक्यांची मालकी जमिनीवर नसते, मुक्कामावर असते, ही वहीतली पहिली नोंद. कथेतल्या टोळ्यांची भांडणंसुद्धा त्यावरूनच व्हायला हवीत.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, सुमारे ३० किलोमीटर, वर दिवे घाट, आणि बहुधा त्याच दिवशी एकादशी. म्हणजे उपासाचं पोट आणि चढ. साबुदाणा भरपेट खाऊन निघालेला माणूस हडपसरलाच जड होतो. केळं, शेंगदाणे, थोडी भगर असं तुकड्यातुकड्यानं खावं. नवे बूट घालू नयेत. फोड येतो तो ओल्या मोज्याच्या घासण्यानं, म्हणून मोजा भिजला की तिथेच बदलायचा. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. त्या आधीच येऊन थांबलेल्या असतात. चढ कुठे आहे हे चालत्या समाजाला पाठ असतं, त्याला नकाशा लागत नाही.

दिंडी ही टोळीच. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मधे मृदंग, विणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. वीणा खाली ठेवायची नाही. विणेकऱ्याला उठायचं असेल तर दुसऱ्याच्या गळ्यात घालून मगच. खर्चाला प्रत्येकजण भिशी, म्हणजे वर्गणी, भरतो. सामानाचा ट्रक आणि टँकर वेगळ्या वाटेनं पुढे जातात, आचारीही त्यांच्याबरोबर. म्हणून चालणाऱ्याच्या पिशवीत चार गोष्टी पुरतात: पाण्याची बाटली, प्लास्टिकचा कागद, कोरडे मोजे, टॉवेल. गफलत होते ती ट्रक गर्दीत अडकला की. चालणारे पोचलेले, पालं अजून रस्त्यात, आणि वरून पाऊस. जाणत्या दिंड्या संध्याकाळपुरता शिधा आणि एक ताडपत्री चालणाऱ्यांजवळच ठेवतात.

पाल ठोकताना काळ्या मातीवर भरवसा ठेवू नये. भिजली की खुंटी लोण्यातून निघाल्यासारखी सुटते. खुंट्या लांब घ्याव्यात, तिरक्या ठोकाव्यात, वर दगड ठेवावा. पालाभोवती वीतभर चर खणून त्याचं तोंड उताराकडे काढावं. चर खणला पण तोंड काढलं नाही, तर पाणी अंथरुणातच येतं.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती समाजआरती. तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, म्हणणं ऐकून घेतो, मग ते टाळ गप्प होतात. हरवलं-सापडलं आणि उद्या निघायची वेळ पुकारली जाते, मग आरती. ना कागद, ना अर्ज. कल्पित जमातीचा न्याय लिहिणाऱ्यानं हे एकदा तरी उभं राहून ऐकावं.

सासवडहून जेजुरी, आणि तिथे दुसरं भटकं जग भेटतं, खरंखुरं: धनगरांचं. खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. देवाचा एक संसार घरातला, एक रानातला. शेतकरी आणि मेंढपाळ यांचा सगळा व्यवहार त्या सवतींच्या भांडणात सापडतो. हा व्यवहार असा: दिवाळीनंतर बरेच वाडे घाट उतरून कोकणाकडे जातात. वाडा म्हणजे बरोबर चालणारी काही कुटुंबं आणि त्यांचे कळप. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, कोकरं, कधी लहान पोरही. शेतकरी मेंढ्या रात्री रानात बसवून घेतो. लेंडी-मुताचं खत शेताला, धान्य किंवा पैसे धनगराला. पावसाआधी परत घाटावर, पूर्वेच्या कोरड्या मुलखात, कारण सततच्या ओलीत मेंढीचे खूर सडतात. जमातीची वाट राजाच्या हुकमावरून आखू नका. जनावराच्या खुरावरून आखा, ऋतू आपोआप बसतात.

घोंगडीचंही तसंच. खड्ड्यातल्या मागावर विणतात, चिंचोक्याची खळ लावतात, आणि मग तीच अंथरूण, पांघरूण, पावसातली खोळ. एका वस्तूची तीन कामं झाली नाहीत तर भटका ती उचलत नाही. कल्पित टोळ्यांच्या पालांत नक्षीदार पेटारे दिसले की मला आधी घोड्याची दया येते.

वाल्हे भरभर मागे पडतं. नीरेला पादुकांचं स्नान, मग लोणंद. परतायला तिथून पुण्याची रेल्वे आहे, पण एक मजल आणखी चालून चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघावं. शितोळे सरकार या मानकरी घराण्याचे दोन अश्व असतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कोणीच नाही; तो माउलींचा. दिंड्या दुतर्फा उभ्या राहतात, मधल्या मोकळ्या पट्ट्यातून घोडे धावतात, आणि ते गेले की लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. ७०० वर्षांपूर्वी समाधी घेतलेला माणूस बरोबर चालतोय हे सांगायला इथे कोणी भाषण करत नाही. खोगीर रिकामं असतं.