कडी घातलीस का?

परवा दुपारी जेवून लॅपटॉप उघडला, तर शेजारी टेकलेली भाची म्हणाली, "मामा, या बटणावरचं अक्षर कुठे गेलं?"

पाहिलं तर एस पुसला गेलेला. ए आहे, डी आहे, मधे नुसती काळी गुळगुळीत टिकली. खारी हवा, घामट बोटं वगैरे कारणं मी तिला सांगितली. खरं कारण सांगितलं नाही. मी दर वाक्याला कंट्रोल-एस, म्हणजे सेव्हचं बटण, दाबतो. एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा. तिसऱ्यांदा जरा जोरात.

आता याची गरज उरलेली नाही. एडिटरला, म्हणजे ज्यात कोड लिहितो त्या प्रोग्रामला, एकदा सांगून ठेवलं की तो आपणहून सेव्ह करत राहतो. शिवाय गिट आहेच, परवाची चूकही जपून ठेवणारं. पण बोटांना हे कोणी सांगायचं?

ही खोड लागली दापोलीच्या कॉम्प्युटर क्लासात. चपला बाहेर काढायच्या, आत गारेगार, आणि प्रोग्राम लिहायच्या टर्बो सीचा तो निळा पडदा. तिथे सेव्ह करायला एफ-टू. यूपीएस फक्त सरांच्या मशीनला. आमच्याकडे आभाळ नुसतं खाकरलं तरी लाईट जाते, मग जूनमध्ये काय बोलायचं! दीड तास खपून लिहिलेला पगारपत्रकाचा प्रोग्राम शेवटच्या महिरपी कंसापर्यंत आला होता. टक्. पडद्यावर माझंच तोंड. सर म्हणाले, "एफ-टू दाबलं होतंस?" पुढे पुण्याला नोकरीत बटण बदललं, खोड तीच राहिली.

घरी आजीचंही तेच होतं म्हणा. रात्री मागीलदारची कडी घालायचं काम माझं. मी अंथरुणात शिरलो की माजघरातून आवाज यायचा, "कडी घातलीस का रे?" घातली म्हटलं तरी ती उठायची, अंधारात चाचपडत जायची आणि कडी ओढून बघायची. खट्, खट्, आणि थोडं थांबून पुन्हा खट्. चोर यावा असं आमच्या घरात काही नव्हतं. फार तर पडवीतल्या सुपाऱ्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी घरूनच काम करत होतो. वारा वाढला तसा तीनदा सेव्ह करून लॅपटॉप मिटला आणि गोधडीत गुंडाळला. तिसऱ्या प्रहरी आवाज थांबला. बाहेर निम्म्या पोफळी आडव्या, मागच्या पडवीची कौलं पार उडालेली. वर उघडं आभाळ, आणि खाली मागीलदार कडी घातलेलं तसंच उभं. आजीने जाऊन कडी ओढून पाहिली. "दार हललं नाही हो," म्हणाली.

पण या खोडीने मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. रात्री सर्व्हरवर काम चाललं होतं, टर्मिनलच्या, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या, काळ्या खिडकीत. सवयीने कंट्रोल-एस दाबलं आणि खिडकी गोठली. टाइप करतो, अक्षर उमटत नाही. मला वाटलं रेंज गेली. सर्व्हरवरचा प्रोग्राम बंद-चालू करायची आज्ञा आंधळेपणाने तीनदा ठोकली, मग छत्री घेऊन सड्यावर चढलो आणि तिथून पुण्याच्या सहकाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "कंट्रोल-क्यू दाब."

खाली येऊन दाबलं, आणि तुंबलेलं सगळं भडाभडा वाहिलं. आज्ञा तिन्ही वेळा पोचली होती, प्रोग्राम तीनदा बंद-चालू झाला. दिसत नव्हतं ते तेवढं मलाच.

ही टेलिटाइपच्या काळातली रीत. कागदावर छापणारं यंत्र मागे पडलं की पलीकडच्याला 'थांब' म्हणायचं. इंग्रजी बाराखडीत एस एकोणिसावा, क्यू सतरावा. अक्षरांना आणि खुणांना क्रमांक देणाऱ्या आस्कीच्या तक्त्यात १९ म्हणजे थांब आणि १७ म्हणजे चालू दे. कागद गेला, यंत्रं गेली, पण काळ्या खिडकीत एस अजून थांबच म्हणतो. म्हणजे खोडी काही फक्त माणसांनाच असतात असं नाही.

शेवटच्या वर्षी आजीला माझं नाव आठवत नसे. भर दुपारी दोन वाजता, दोन्ही दारं सताड उघडी असताना, ती खाटेवरून विचारायची, "कडी घातलीस?" मी घातली म्हणायचो. मग ती डोळे मिटायची. उठून बघायची नाही. तेवढंच एक तिने सोडलं होतं.

काळ्या खिडकीचं ते गोठणं सेटिंगच्या फाइलीत एक ओळ टाकली की कायमचं बंद होतं. सहकाऱ्याने तेव्हाच पाठवली होती ती ओळ. टाकीन कधीतरी.