मॅडम, दुष्फेन म्हणजे काय?

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात नववीच्या पोट्ट्यांची विज्ञानाची एक टेस्ट घेतली. न सांगता घेतली, म्हणजे पाठ करून यायला वेळच नव्हता. पेपरचे दोन भाग केले होते. पहिल्या भागात पुस्तकात असतात तसे प्रश्न, व्याख्या लिहा, फरक सांगा, कारणे द्या. दुसऱ्या भागात तेच प्रश्न, पण आमच्या गावच्या भाषेत आणि गावातल्या वस्तूंवर. दोन्ही एकच आहेत हे पोरांना सांगितलं नाही.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागातलं, दर्यापूरकडचं. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी ज्यांनी वापरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तर पहिल्या भागात विचारलं होतं, दुष्फेन पाणी म्हणजे काय. बहुतेक पेपर कोरे. एक पोरगी जागेवरूनच म्हणाली, "मॅडम, दुष्फेन म्हणजे काय? हा शब्दच आठवून नाही राह्यला." आणि त्याच पोरीनं दुसऱ्या भागात, बोरच्या पाण्यानं कपडे धुताना काय होतं या प्रश्नावर अर्धं पान लिहिलं. साबण घासून घासून हात दुखतात पण फेस येत नाही, पांढरा चिकट साका कपड्याला बसतो, बादलीच्या काठावर थर चढतो, आणि पावसात पत्र्यावरून पडलेलं पाणी भरून ठेवलं तर त्यात तोच साबण थोडासाच पुरतो. मला अजून काय पाहिजे होतं? पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून तो साका बनवतं एवढं एक वाक्य जोडलं की उत्तर पूर्ण होतं. पण पहिल्या भागात तिला शून्य.

कूलरचंही तसंच. सापेक्ष आर्द्रतेची, म्हणजे हवेत मावेल त्यातली किती टक्के वाफ आधीच आहे याची, व्याख्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांनी लिहिली. मग विचारलं होतं, मे महिन्यात गार हवा देणारा कूलर जुलैत का काम करत नाही? शेवटच्या बाकावरचा एक पोरगा, जो कधी हात वर करत नाही, त्यानं लिहिलं, "पावसाड्यात हवाच ओली असते, मंग ते आखीन पानी काय पिईन." मी हे वाक्य स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. बाष्पीभवनाला हवा कोरडी लागते, ताटीवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं म्हणून हवा गार होते, हवेत आधीच ओल भरलेली असली की ते थांबतं, हे सगळं त्याच्या त्या ओळीत आहे. त्याला अडतं ते फक्त शब्दाशी.

पण उलटंही झालं, आणि त्याची काळजी मला जास्त वाटते. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बऱ्याच जणांनी बरोबर लिहिलं, सहा कार्बन डायऑक्साइड, सहा पाणी, बाण, ग्लुकोज, ऑक्सिजन, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या भागात विचारलं होतं की एवढंसं कडुलिंबाचं रोप वाढून एवढं मोठं झाड होतं, तर त्यातलं लाकूड आलं कुठून? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, मातीतून. काहींनी लिहिलं खतातून. हवेतून असं एकानंही नाही. म्हणजे समीकरण हातानं लिहिलं पण त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेतलाच आहे आणि तोच लाकूड बनतो हे डोक्यात गेलेलंच नाही. मार्क मात्र पूर्ण.

दुसऱ्या दिवशी त्यांना हेल्माँट नावाच्या जुन्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्यानं कुंडीत साधारण 90 किलो कोरडी माती तोलून भरली, विलोचं दोन-सव्वादोन किलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं जवळपास 77 किलो, आणि माती कमी झाली जेमतेम 60 ग्रॅम. त्याचं हे लिखाण 1648 मध्ये छापून आलं. त्याला वाटलं झाड पाण्यापासूनच बनलं, हवा त्याच्याही लक्षात आली नाही. वर्ग एकदम शांत झाला होता, आणि एक जण हळूच म्हणाला, "मंग आपन खत काहून टाकतो जी?" हाच प्रश्न मला पाहिजे होता! मग खतातून झाडाला मिळणाऱ्या नायट्रोजनवर आलो आणि तास संपला तरी कुणी उठलं नाही.

म्हणून शाळेमागच्या वावरात नेलं. मालकाला विचारून सोयाबीनचं एक झाड मुळासकट, ओल्या मातीतून हळूच उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. "मॅडम, हा तं रोग हाये," असं दोघा-तिघांचं एकदम. एक गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी निघालं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच एक द्रव्य तिथं असतं, लेगहिमोग्लोबिन, आणि गुलाबी रंग दिसला म्हणजे आतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडायचं काम करताहेत. लहानपणापासून ही पोरं निंदायला जातात, हजारदा त्या गाठी बघितल्या असतील. नंतर प्रत्येकानं आपापली गाठ फोडून बघितली.

रसायनशास्त्रात उष्मादायी म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी आणि उष्माग्राही म्हणजे उष्णता ओढून घेणारी क्रिया, हे दोन शब्द पोरं नेहमी उलटेपालटे करतात, या टेस्टमध्येही केलेच. मग बादलीत युरिया टाकून ढवळला आणि बाहेरून हात लावायला सांगितला. गार! कपाशीवर 2 टक्के युरिया फवारायचा म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम, एवढ्यात फारसं कळत नाही, म्हणून मी थोड्या पाण्यात भरपूर घातला. आणि दिवाळीच्या आधी रंग द्यायला चुन्याचे खडे भिजवतात तेव्हा पिंप कसं खदखदतं ते सगळ्यांना माहीत होतंच. आता कुणी चुकत नाही.

मला एवढंच वाटतं की पोरांना काय येतं ते बघायचं असेल तर वस्तू हातात देऊन, त्यांच्या बोलीत विचारलं पाहिजे. शब्दही आलेच पाहिजेत, त्यात सूट नाही. दहावीला विज्ञानाचे 40-40 मार्कांचे दोन पेपर असतात, तिथं दुष्फेनच विचारतील, आणि पुढे अमरावतीला अकरावीला गेल्यावर शब्द माहीत नाही म्हणून या पोरांनी मागे बसावं हे मला सहन होणार नाही. पण आधी साका, मग दुष्फेन. उलट्या क्रमानं शिकवलं की पोरं गप्प होतात, हे मी रोज बघते.

ती पोरगी सोमवारी दोन बाटल्या घेऊन आली, एकीत बोरचं पाणी, एकीत पावसाचं. दोन्हीत साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवलं. पावसाच्या बाटलीत बुचापर्यंत फेस, बोरच्या बाटलीत दुधासारखं गढूळ. मग तिनं विचारलं, "मॅडम, उकडून पाह्यलं तं येईन का फेस?" उकळून, गार करून पुन्हा केलं. थोडा फरक पडला, पण पावसाच्या पाण्याच्या जवळपासही नाही, कारण उकळल्यानं फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेट क्षारांचा दुष्फेनपणा जातो, क्लोराइड आणि सल्फेट क्षारांचा नाही. तिनं तिन्ही बाटल्यांवर कागद चिकटवला, पाऊस, बोर, उकडलेलं बोर असं लिहिलं, आणि मधल्या बाटलीवर खाली कंसात, कुणी न सांगता, दुष्फेन.